दुसऱ्या वर्षीचे सहा अर्ज

18 जून 2024 ला पासपोर्ट हातात आला, आत व्हिसाचं पान. आईनं तो आधी देवासमोर ठेवला. अमेरिकेत भूजलात पीएच.डी. करायची म्हणून मी दोनदा अर्ज केले. 2022 च्या हिवाळ्यात नऊ केले आणि नऊपैकी एकाही ठिकाणी जागा मिळाली नाही. 2023 च्या हिवाळ्यात सहा केले, त्यातून एक जागा मिळाली, पूर्ण खर्चासह. दोन्ही वेळी माझे गुण तेच होते, पदवीही तीच. अर्ज मात्र वेगळे होते. काय वेगळं होतं ते तारखांसकट आणि पैशांसकट लिहून ठेवते. पहिल्या वर्षी असं काही मराठीत शोधत मी किती रात्री घालवल्या ते मला आठवतं.

माझं गाव विट्याजवळ. पुण्यातून 2021 ला भूशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि माण तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. पगार महिना 22 हजार. दर पंधरवड्याला टेप घेऊन विहिरींची पाणीपातळी मोजायची, पंप किती तास चालला ते शेतकऱ्याला विचारायचं आणि वहीत लिहायचं, हे काम. पीएच.डी.चा विचार या कामातूनच आला. तरी पहिल्या अर्जात याच कामाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, हे आता वाचताना मलाही नवल वाटतं.

2022 मध्ये मी पुण्यातल्या एका सल्लागाराकडे 25 हजार भरले. त्यांनी विद्यापीठांची यादी दिली, हेतुपत्राचा साचा दिला. हेतुपत्र म्हणजे तुम्हाला काय अभ्यासायचं आहे, का, आणि तिथंच का, हे सांगणारं दोनेक पानी लिखाण. सगळे त्याला एसओपी म्हणतात. माझ्या एसओपीची सुरुवात ‘लहानपणापासून मला निसर्गाचं आकर्षण होतं’ अशी होती. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची, दोन्ही मिळून तीस हजारांच्या वर गेले. अर्जाचं शुल्क विद्यापीठागणिक 75 ते 100 डॉलर, नऊ ठिकाणचं मिळून साठ हजारांच्या पुढं. गुण पाठवायचे वेगळे पैसे. सगळं धरून सव्वा लाख ओलांडला. त्यातले साठ हजार अप्पांनी सोसायटीचं कर्ज फेडायला ठेवलेले होते.

फेब्रुवारी 2023 पासून नकार यायला लागले. शेवटचा एप्रिलमध्ये आला. दोन ठिकाणांहून काहीच आलं नव्हतं, म्हणून पोर्टल उघडलं, तर दोन्हीकडं ‘अर्ज अपूर्ण’. कारण नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. टोफेलची नोंदणी मी नुसतं नाव आणि आडनाव टाकून केली होती. त्यामुळं त्या दोन विद्यापीठांत माझा टोफेलचा निकाल माझ्या अर्जाला जोडलाच गेला नव्हता. ते दोन अर्ज कुणी वाचलेच नाहीत. अर्ज दाखल केल्यावर दोन-चार दिवसांनी पोर्टलवर प्रत्येक कागदापुढं ‘मिळाला’ अशी खूण दिसते का ते बघायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते: सगळ्या नोंदण्या पासपोर्टवरच्या नावानंच करा, आणि अर्ज भरून झाला की पोर्टल दर आठवड्याला उघडा.

एप्रिल-मे मी कुणाशी फारसं बोलले नाही. मोजणीच्या फेऱ्या चालू होत्या. आमच्या विभागातून पाच वर्षं आधी बाहेर पडलेल्या एक ताई कॅनडात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतात. त्यांना मी भीत भीत जुना एसओपी पाठवला. एका रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “यातून तुझं नाव काढलं तर हा कुणाचाही होईल. तू रोज काय करतेस?”

मी सांगायला लागले. एका गावात नाना म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या दोन विहिरी आहेत. दोन्हींमध्ये अंतर दोनशे मीटर, खोलीही जवळपास सारखी, सात-आठ परस. वरची विहीर फेब्रुवारीत आटते, खालची मे महिन्यात शेवटच्या दिवसापर्यंत प्यायला पाणी देते. नाना म्हणतात, खालच्या विहिरीला मांजऱ्या लागलाय. मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांनी भरलेला मऊसर बेसाल्ट, त्यात पाणी राहतं. वरची विहीर काळ्या पाषाणातच संपते. म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधला सांधा एका विहिरीनं गाठला आणि दुसरीनं नाही, असा माझा अंदाज. असे सांधे जमिनीखाली कुठून कुठं जातात, एकमेकांना जोडलेले असतात की तुटक, हे कळलं तर कुठं नवी बोअर मारून उपयोग नाही हे आधी सांगता येईल.

ताई पाच मिनिटं नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हे लिही. आत्ता फोन ठेव आणि हेच लिही.”

त्या रात्री लिहिलेलं पान पुढं अकरा वेळा बदललं, पण दोन विहिरी पहिल्या परिच्छेदात शेवटपर्यंत राहिल्या.

जूनपासून मी विद्यापीठांच्या क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि शोधनिबंध वाचायला लागले. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. पण लाव्ह्याच्या थरांतलं भूजल हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडाहो राज्यांत कोलंबिया नदीचा बेसाल्ट आहे. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा बराचसा पावणेदोन कोटींच्या आतला, पण थरावर थर तसेच. तिथं पुलमन आणि मॉस्को ही दोन विद्यापीठांची गावं आहेत, एकमेकांपासून 13 किलोमीटरच्या आसपास, मधे राज्याची सीमा. दोन्ही गावं बेसाल्टमधल्या भूजलावर जगतात आणि कित्येक दशकं त्यांची पाणीपातळी खाली चालली आहे. त्या खोऱ्याचं नाव पलूस. आमच्या सांगली जिल्ह्यातही पलूस आहे, किर्लोस्करवाडीचं पलूस, जिथले पंप आमच्या विहिरींवर बसतात. नकाशात ते नाव वाचलं तेव्हा मी अप्पांना हाक मारून दाखवलं. नावांचा काही संबंध नाही हे दोघांनाही कळत होतं, तरी ते रात्री जेवताना दोनदा त्याबद्दल बोलले.

माझ्या यादीत आधी चाळीस नावं होती. ज्यांचे किमान तीन निबंध मी वाचले आणि ज्यांच्या कामाला माझा प्रश्न खरोखर लागून आहे, असे शेवटी चौदा प्राध्यापक उरले. भूशास्त्रात विद्यार्थ्याचा खर्च बहुतेकदा प्राध्यापकाच्या अनुदानातून निघतो, म्हणून अर्जाआधी त्यांना विचारणं गरजेचं असतं. जीवशास्त्राच्या पुष्कळ विभागांत पहिल्या वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरवतात, तिथं आधी लिहिलं नाही तरी चालतं. आपल्या विषयात काय रीत आहे ते आधी शोधा.

21 ऑगस्टपासून मेल पाठवायला लागले, दिवसाला दोनच. प्रत्येक मेल सात-आठ ओळींचा: मी कोण, दोन विहिरींचं निरीक्षण तीन वाक्यांत, त्यांच्या एका निबंधातली नेमकी कोणती गोष्ट मला इथं लागू पडेल असं वाटतं, आणि 2024 च्या शरद सत्रात नवीन विद्यार्थी घेणार आहात का. सोबत दोन पानी सीव्ही आणि पाणीपातळीचा एक आलेख. चौदांपैकी पाच जणांची उत्तरं आली. दोघांनी अनुदान नसल्याचं स्पष्ट लिहिलं, त्याचेही मी आभार मानले, कारण तिथलं शुल्क वाचलं. दहा दिवसांनी उरलेल्यांना एकदा आठवण केली, त्यातून आणखी दोन उत्तरं आली. त्यापुढं कुणाच्या मागं लागले नाही. पलूस खोऱ्यातल्या एका प्राध्यापकांनी मात्र उलट प्रश्न विचारला: दोन विहिरींवरचा उपसा सारखाच आहे हे तुला कसं माहीत? मला माहीत नव्हतं. मी तसं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नानांकडं जाऊन पंप किती तास चालतो ते तारीखवार लिहायला वही दिली.

आता शिफारसपत्रं. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण पहिल्या वर्षीची माझी सगळ्यात मोठी चूक इथं होती आणि ती आपल्याकडं इतकी रुळलेली आहे की चूक वाटतच नाही. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मी दोन रात्रींत तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींत मी मेहनती, तिन्हींत मी जिज्ञासू, वाक्यांची ठेवणही एकच. त्यातलं एक तर विभागातल्या एका मोठ्या नावाच्या प्राध्यापकांचं होतं, ज्यांच्या तासाला मी फक्त बसले होते. निवड समितीतले लोक वर्षाला शेकडो पत्रं वाचतात, त्यांना हे ओळखू येत नसेल असं मानणं बरोबर नव्हतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते खरं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्येच मी तिघांना प्रत्यक्ष जाऊन भेटले: प्रबंधाचे मार्गदर्शक सर, खडकांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी शिकवणाऱ्या मॅडम आणि आमच्या संस्थेतले ज्येष्ठ भूशास्त्रज्ञ. सरांना म्हणाले, “सर, या वेळी पत्र तुम्हीच लिहाल का? दोन ओळी कमी असल्या तरी चालतील.” सर थोडे गप्प झाले. मग म्हणाले, “मला वेळ लागेल, आणि तुझं नेमकं काय काय आठवतं तेही बघावं लागेल.” म्हणून मी प्रत्येकाला एक पान दिलं. त्यात स्तुती नव्हती, घटना होत्या. सरांच्या पानावर: मार्च 2021, नकाशातला थर मी चुकीच्या उंचीवर दाखवला होता, तुम्ही लक्षात आणून दिल्यावर पुन्हा चार दिवस फिरून दुरुस्त केला. मॅडमच्या पानावर: पातळ काप बनवताना सहा फुटले, सातवा जमला, ती पद्धत पुढच्या वर्गाला मी शिकवली. सोबत एसओपीचा कच्चा खर्डा, सीव्ही, आणि सहा विद्यापीठांच्या तारखांचा एक तक्ता.

पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडायचा का, असा प्रश्न अर्जात येतो. सोडते असं लिहा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. त्यामुळं त्या तिघांनी काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. आणखी एक: पत्र लिहिणाऱ्यांचा मेलपत्ता संस्थेचा असावा. मॅडम नेहमीचा जीमेल वापरायच्या, महाविद्यालयाचा पत्ता त्यांच्याकडं होता पण पासवर्ड विसरला होता. तो सुरू करून घ्यायला संगणक विभागात तीन फेऱ्या झाल्या, आणि त्या तिन्ही फेऱ्यांना मॅडम स्वतः आल्या.

अधिकृत ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विद्यापीठानं शिक्का मारून दिलेल्या गुणांच्या नोंदीसाठी, विद्यापीठात दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा चलन भरलं, पण एका सत्राच्या गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत नव्हती म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मिळालं, सोळा दिवसांनी, शिक्का मारलेल्या बंद पाकिटांत. खर्च तीन हजारांच्या आसपास. जवळपास सगळीकडं अर्जाच्या वेळी गुणपत्रिकांची स्वच्छ स्कॅन प्रत चालते, अधिकृत कागद प्रवेश मिळाल्यावर मागतात. म्हणून दिवाळीच्या आधी रांगेत उभं राहायची घाई नको. पण गुणपत्रिकेच्या मागं छापलेली श्रेणीपद्धतीची माहितीही स्कॅन करा, ती हमखास राहून जाते.

जीआरईचा निकाल पाच वर्षं चालतो आणि टोफेलचा दोन, त्यामुळं परीक्षा पुन्हा द्यावी लागली नाही. माझ्या यादीतल्या सहापैकी एकाच ठिकाणी जीआरई सक्तीची होती. पहिल्या वर्षी ही एक गोष्ट आधी बघितली असती तर पुष्कळ पैसे वाचले असते.

शुल्कमाफी मागायला मला लाज वाटत होती. ताईंनी रागावून सांगितलं, “मागायला लाज कसली? नाही म्हणाले तर नाही.” सहाही ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशाच्या कार्यालयाला चार ओळींचा मेल केला, पगार सांगितला. दोघांनी शुल्क माफ केलं. उरलेल्या चार ठिकाणचे पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं, कारण त्यावर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करावे लागतात. चलनबदलाचा साडेतीन टक्के आकार धरून एकूण 28 हजारांच्या आत बसलं.

नोव्हेंबर सगळा एसओपीत गेला. दिवाळीत घरी होते, आई करंज्या करत होती आणि मी ओट्याशेजारी बसून तिला एकेक परिच्छेद मराठीत समजावून सांगत होते. तिला जिथं कळलं नाही तिथं इंग्रजीतही मी गोल गोल लिहिलेलं असायचं. शेवटी हेतुपत्राचा साधारण अर्धा भाग केलेल्या कामावर, त्यात न जमलेल्या गोष्टीही. पाव भाग पुढच्या प्रश्नावर. आणि उरलेला त्या त्या विद्यापीठातल्या दोन माणसांच्या कामाशी तो कसा जोडला जातो यावर. हा शेवटचा भाग प्रत्येक ठिकाणी नव्यानं लिहिला. एका रात्री घाईत एका विद्यापीठाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात राहिलं होतं. सकाळी छापून मोठ्यानं वाचलं म्हणून सापडलं. पडद्यावर वाचून ते दिसत नाही.

पहिली मुदत 1 डिसेंबर, तिथली रात्र 11.59. पॅसिफिक वेळेनुसार म्हणजे आपल्याकडं 2 डिसेंबरची दुपार, दीडला एक मिनिट कमी. मी 28 नोव्हेंबरलाच अर्ज दाखल केला, पण 30 तारखेपर्यंत सरांचं पत्र दिसेना. ते विद्यार्थ्यांना घेऊन कोकणात क्षेत्रभेटीला गेले होते, फोनला रेंज नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्या विद्यापीठातल्या विभागाच्या समन्वयकांना मेल केला. त्यांनी तासाभरात कळवलं की विद्यार्थ्याचा अर्ज वेळेत हवा, पत्र आठवडाभरानं आलं तरी चालेल. सगळीकडं असंच असेल असं नाही, पण विचारल्यावर माणसं नीट उत्तर देतात. सरांचं पत्र 3 तारखेला पोचलं. शेवटचा अर्ज 14 डिसेंबरला गेला.

23 जानेवारी 2024 ला रात्री साडेदहाला, म्हणजे तिथल्या सकाळी नऊला, पलूस खोऱ्यातल्या त्या प्राध्यापकांशी मुलाखत झाली. गावात विजेचा भरवसा नाही म्हणून मी साताऱ्याला मैत्रिणीकडं थांबले होते. पाऊण तास बोलणं झालं. गुणांबद्दल एकही प्रश्न नाही. उपशाचा विषय त्यांनी पुन्हा काढला. तोवर नानांच्या वहीत साडेचार महिन्यांच्या नोंदी होत्या: खालच्या विहिरीवरचा पंप उलट जास्त तास चालत होता. मी ते दाखवलं. मग ते म्हणाले, सांध्याबद्दलचा तुझा अंदाज चुकीचा निघाला तर काय करशील? मी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, तर वरच्या विहिरीभोवतीचं पुनर्भरण तपासेन, कारण तिथं मुरमाचा थर पातळ आहे. विचार करायला वेळ घेतला तर चालतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मीही विचारलं: तुमच्याकडं विद्यार्थ्यांना साधारण किती वर्षं लागतात, उन्हाळ्यातलं मानधन कुठून येतं, आणि आत्ताच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का. त्यांच्या दोन विद्यार्थिनींशी नंतर बोलणं झालं. प्राध्यापक रागावल्यावर काय होतं हेसुद्धा मी त्यांना विचारलं. हा प्रश्न विचाराच.

27 फेब्रुवारीला पहाटे मेल आला. सहापैकी तीन नकार, एका ठिकाणी खर्चाविना एम.एस.चा प्रवेश, एका ठिकाणी प्रतीक्षायादी, आणि हा एक होकार. ट्यूशन माफ, आरोग्य विमा, नऊ महिन्यांचं संशोधन-सहायकाचं मानधन. उन्हाळ्याचं पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळ्या पत्रात. नऊ महिने की बारा, हे नीट वाचा. अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या आपसातल्या करारानुसार खर्चासह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यावर 15 एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करत नाहीत. मी 10 मार्चला होकार कळवला आणि त्याच दिवशी बाकी दोन्ही ठिकाणी नकार कळवला. प्रतीक्षायादीत माझ्यामागं कुणीतरी पोर्टल उघडून बसलं असेल, त्याला माझ्यामुळं एक दिवसही जास्त थांबायला लागू नये असं वाटलं.

पुढचं झरझर सांगते. आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, मे महिन्याच्या सुरुवातीला मेलनं आला. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारकडची नोंद, तिचं शुल्क तेव्हा 350 डॉलर, सुमारे 29 हजार. व्हिसाचं शुल्क तेव्हा 185 डॉलर, साडेपंधरा हजारांच्या आसपास. मुंबईची तारीख मिळायला तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ बघत होते. 10 जूनला बोटांचे ठसे, 11 ला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. अधिकाऱ्यांनी काय शिकणार, खर्च कोण करणार, आधी काय काम करत होतीस, एवढंच विचारलं. मी विहिरींचं सांगितलं. दोन-तीन मिनिटांत झालं. बाहेर अप्पा झाडाखाली उभे होते, माझा फोन आणि बॅग त्यांच्याकडं, कारण आत नेता येत नाही.

निकाल लागला त्या दिवशी सर, मॅडम आणि संस्थेतल्या सरांना मी फोन केले होते. नानांना सांगायचं राहिलं होतं. 29 जूनला त्यांच्याकडं शेवटच्या मोजणीला गेले. सोबत माझ्या जागी आलेली नवीन मुलगी होती, साताऱ्याची, तिला टेप कसा धरायचा ते दाखवलं. नानांनी चहा दिला आणि विचारलं, “तिकडं बी विहिरी हायत का?” म्हटलं, आहेत, पण आपल्यासारख्या नाहीत, शेकडो फूट खोल बोअर आहेत, आणि पाणी तिथंही खाली चाललंय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही आणली. मोजणीच्या दिवशी पंप किती वाजता बंद केला ते लिहिलेलं होतं. वरच्या विहिरीत नवं पाणी दिसत होतं, 0.8 मीटर. खालच्या विहिरीत 3.1. मी आकडे सांगितले, नव्या मुलीनं लिहिले, आणि पेन तिच्याकडंच राहिला.